करदात्यांच्या शंका : रिफंड देणाऱ्याला तुमचा पिन कशाला हवा?

रिटर्नचा हंगाम सुरू झाला की आमच्या सांगलीच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं येतात. एक, रिफंड कधी येणार हे विचारणारी. दुसरी, रिफंड आल्याचा मेसेज दाखवणारी. काळजी मला दुसऱ्यांची वाटते. या वेळच्या टपालात याच विषयाची पत्रं इतकी होती, की ठेवींवरचा टीडीएस आणि घरभाड्याच्या शंका पुढच्या अंकावर ढकलल्यात. काहींनी 'नाव छापू नका' असं लिहिलंय. मी सगळ्यांचीच नावं गाळलीत. फसलेल्याचं नाव छापून कुणाचं भलं होत नाही.

प्रश्न : ताई, मला एसएमएस आला की तुमचा अठरा हजारांचा आयकर रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा, चुकीचा असल्यास खालच्या लिंकवर दुरुस्त करा. त्यात दिलेले शेवटचे चार आकडे माझ्या खात्याचे नाहीत. माझा रिफंड खरोखरच यायचा आहे, पेन्शनवर टीडीएस जास्त कापला गेला होता. नातू म्हणतो मेसेज खोटा आहे. शेजारचे म्हणतात, खरा असला तर पैसे बुडतील. कुणाचं ऐकू? (निवृत्त शिक्षिका, कराड)

नातवाचं.

हा मेसेज नवा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच साच्याचा मेसेज देशभर फिरला होता. तेव्हा रक्कम १५,४९० रुपये होती आणि केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. आता आकडा बदलला, साचा तोच. यातली खरी चलाखी खाते क्रमांकात आहे. तुमचा बरोबर क्रमांक त्यांना ठाऊकच नसतो, म्हणून ते बेधडक चुकीचा देतात. तो वाचून आपला जीव वरखाली होतो, माझे पैसे दुसऱ्याच्या खात्यात चाललेत की काय! मग माणूस दुरुस्तीला धावतो. फसतात ते लोभी, असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. इथे फसतो तो आपले हक्काचे पैसे सांभाळायला निघालेला माणूस.

तुमचा रिफंड बाकी आहे हे त्यांना कसं कळलं, असंही तुमच्या मनात आलं असेल. कळायची गरजच नाही. या दिवसांत हजारो नंबरांवर एकच मेसेज सोडला, तर त्यात रिफंडची वाट बघणारे निघणारच.

आता खरा रिफंड कसा येतो ते सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी नातवालाही विचारावं लागणार नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय करायचं. मग बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, म्हणजे आम्ही ज्याला सीपीसी म्हणतो तिथे, ते तपासलं जातं. तिथून तुमच्या ईमेलवर इंटिमेशन, म्हणजे तपासणीत काय ठरलं ते कळवणारं पत्र, येते. ही पीडीएफ कुलूपबंद असते आणि उघडायला तुमचा पॅन छोट्या अक्षरांत व त्याला जोडून जन्मतारीख टाकावी लागते. (इतकी वर्षं आम्ही तिला 'एकशे त्रेचाळीस एक' म्हणत आलो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यावर कलमांचे आकडे आमच्यासारख्यांनाही नव्यानं पाठ करावे लागतायत, तेव्हा कुणी कलमाचा आकडा तोंडावर फेकला म्हणून दचकायचं कारण नाही.) पैसे जमा होतात ते तुम्ही पोर्टलवर आधीच 'प्री-व्हॅलिडेट' करून रिफंडसाठी नेमलेल्या खात्यात. काही कारणानं जमा झाले नाहीत, तर तुम्हीच लॉगिन करून 'रिफंड री-इश्यू'ची विनंती टाकायची. एसएमएसमधल्या लिंकवर जाऊन खातं दुरुस्त करण्याची पायरी या रस्त्यात कुठेच लागत नाही.

तुम्ही लिंक उघडली नाहीत, बरं केलंत. उघडली असती तर आधी पॅन, आधार, जन्मतारीख आणि मग डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचा सीव्हीव्ही, शेवटी पिन असा फॉर्म समोर आला असता. इथे एकच विचार करायचा. खात्यात पैसे टाकायला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरतो. सीव्हीव्ही, पिन आणि ओटीपी लागतात ते खात्यातून काढायला. देणारा माणूस काढायची हत्यारं का मागतोय?

शेजाऱ्यांनाही उत्तर देऊन टाकते. लिंक दाबली नाही म्हणून कुणाचा रिफंड बुडत नाही. उलट उशीर झाला, आणि रिफंडची रक्कम तुमच्या एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसली, तर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं.

एक मात्र लक्षात ठेवा. आयकर विभाग खरे मेसेजही पाठवतो. आगाऊ कराची आठवण करून देतो, वार्षिक माहिती पत्रक आणि रिटर्न जुळत नसेल तर कळवतो, रिटर्न तपासून झालं की सांगतो. सगळेच मेसेज खोटे समजून पुसून टाकणारे लोकही माझ्याकडे येतात, पण खऱ्या नोटिशीची मुदत टळून गेल्यावर. म्हणून मी अशिलांना सांगते, की मेसेज खरा की खोटा याचा न्यायनिवाडा तुम्ही करूच नका. ते काम अवघड आहे आणि दिवसेंदिवस अवघडच होत जाणार. मेसेज बंद करा. मग स्वतः ब्राउझर उघडा, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता हातानं टाका आणि आत जाऊन बघा. विभागाला तुमच्याशी काही बोलायचं असेल तर ते तिथे दिसेलच. दिसलं नाही, तर मेसेजचं काय करायचं ते नातू सांगेल.

मे २०२५ पासून सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी 'जी' अक्षर असतं, हेही बघून ठेवा. साध्या दहा अंकी मोबाईल नंबरवरून रिफंडचा मेसेज आला तर विषयच संपला. पण 'जी' दिसला म्हणून लिंक दाबू नका, रस्ता वर सांगितलाय तोच.

प्रश्न : 'क्यूआर कोडचं नवीन ई-पॅन डाउनलोड करा' असा ईमेल आलाय. जुनं पॅन कार्ड रद्द होणार आहे का? (मिरज)

नाही. पॅन २.० या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि जुनी कार्डं चालू राहतील हे तेव्हाच स्पष्ट केलं. त्यानंतर असे ईमेल सुटले. तेही खोटे असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकनं सांगितलंय. जोडलेली फाईल उघडू नका.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरीही परवा थोडक्यात वाचलो. लॉगिनचं पान हुबेहूब होतं. बोधचिन्ह, रंग, खालच्या तळटिपा सगळं तेच. एचटीटीपीएस होतं, कुलूपही होतं. मग सामान्य माणसानं ओळखायचं कसं? (पिंपरी-चिंचवड)

पानाकडे बघून ओळखता येत नाही, तेव्हा तो नाद सोडा. कुठल्याही संकेतस्थळाचं पान जसंच्या तसं उचलून दुसरीकडे मांडणं हे काही मिनिटांचं काम आहे, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर पान खोटं, असं पूर्वी सांगत. आता चोरांचं इंग्रजी बहुतेक सरकारी परिपत्रकांपेक्षा बरं असतं.

कुलपाचंही तसंच. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून समोरच्या संकेतस्थळापर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे. समोर कोण बसलाय ते कुलूप सांगत नाही. चोरालाही ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोक कुलूप बघून विश्वास ठेवतात म्हणूनच तर क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

राहतो तो पत्ता, आणि तो उलट्या बाजूनं वाचायला शिकावं लागतं. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. तिथे 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ठीक. 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक-रिफंड डॉट कॉम' असं काही असेल, तर ते अमुक-रिफंडवाल्याचं दुकान आहे. आधीची सगळी अक्षरं त्यानं पाटीवर रंगवलेली. टपालाच्या पत्त्यात आपण शेवटचा तालुका-जिल्हा बघतो ना, तसंच. 'सांगली स्टोअर्स, जिल्हा सातारा' हे दुकान साताऱ्यातच सापडणार. जीओव्ही डॉट इन हा शेवट मात्र बाजारात विकत मिळत नाही, तो फक्त सरकारी संस्थांनाच दिला जातो. 'जीओव्ही-इन' अशी मधे आडवी रेघ, किंवा शेवटी डॉट कॉम, डॉट ओआरजी असलं काही दिसलं की मागे फिरा.

फोनवर अडचण अशी, की लांब पत्त्याचा तुकडाच दिसतो, आणि तुकडा बहुतेक वेळा सुरुवातीचा. त्यामुळे आयकराचं काम शक्यतो संगणकावर करा असं मी सांगते. ज्यांच्याकडे फोनच आहे त्यांनी पत्ता एकदा नीट टाकून बुकमार्क करून ठेवावा. गुगलवर 'इन्कम टॅक्स लॉगिन' शोधून वरचं पहिलं दिसेल ते उघडायचं, ही सवय सगळ्यात वाईट. वर बऱ्याचदा 'प्रायोजित' लिहिलेली जाहिरात असते, आणि जाहिरात कुणीही देऊ शकतो.

तुमच्यासारख्यांसाठी आणखी एक. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तो काय करतो त्याकडे लक्ष ठेवा. पान हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर तो पासवर्ड आपणहून भरत नाही. आपण वैतागून हातानं भरतो, आणि तिथेच घात होतो.

यात सरकारचाही थोडा दोष आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. ७ जून २०२१ पूर्वी रिटर्न भरायचं पोर्टल 'इन्कमटॅक्सइंडियाईफायलिंग डॉट जीओव्ही डॉट इन' या नावानं होतं. मग ते बदललं. कायदे आणि परिपत्रकं वाचायची ती 'इन्कमटॅक्सइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन'वर. टीडीएसचं ट्रेसेस वेगळ्या पत्त्यावर, इनसाइट पोर्टल आणखी वेगळ्या. आणि पॅन कार्डाचं काम ज्या दोन अधिकृत संस्था करतात, प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल, त्यांच्या पत्त्यांचा शेवट जीओव्ही डॉट इन नाहीच! म्हणजे लोकांना नियम सांगायचा आणि लगेच अपवादही सांगायचा. यावर माझा तोडगा असा आहे, की पॅनचं काम असलं तरी सुरुवात आयकराच्याच पोर्टलवरून करायची आणि तिथल्या दुव्यानं पुढे जायचं. आधारशी मोबाईल जोडलेला असेल आणि आयुष्यात कधी पॅन काढलेला नसेल, तर झटपट ई-पॅन त्याच पोर्टलवर फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो सरकारी नव्हे.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. व्हॉट्सॲपवर जीएसटीचं समन्स आलंय. अशोकस्तंभ, अधिकाऱ्याची सही, 'डिन' नंबर, सगळं आहे. खाली 'पडताळणीसाठी येथे क्लिक करा' असं लिहिलंय. वकील करू का? (इचलकरंजी)

वकील नंतर. आधी डिन नंबर तपासा, पण त्या पत्रात दिलेल्या लिंकवर नाही.

डिन म्हणजे कागदाची ओळख पटवणारा नंबर. आयकर विभागानं तो १ ऑक्टोबर २०१९ पासून आणला, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं, म्हणजे सीबीआयसीनं, त्याच वर्षी नोव्हेंबरात. तुमचं पत्र केंद्रीय जीएसटीचं असल्याचा दावा करतंय, तेव्हा सीबीआयसीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन 'व्हेरिफाय सीबीआयसी-डिन' शोधा आणि नंबर टाका. खरा असेल तर तिथे तसं दिसतं. आयकराची नोटीस असती तर आयकर पोर्टलच्या पहिल्या पानावरच ती तपासायची सोय आहे. त्यासाठी लॉगिनही लागत नाही.

खोट्या समन्समध्ये डिन नंबर असतोच, हेही सांगून ठेवते. लोक नंबर आहे एवढंच बघतात, तो टाकून बघत नाहीत, हे चोरांनी ओळखलंय. जीएसटी गुप्तचर महासंचालनालयानंही अशा बनावट समन्सबद्दल जाहीर इशारे दिलेत. शिवाय जीएसटी पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये नोटिसा आणि आदेश दिसण्याची जागा आहे, तीही बघा.

आणि 'आता लगेच व्हिडिओ कॉलवर या, नाहीतर अटक' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही.

प्रश्न : सासऱ्यांनी रिफंडच्या मेसेजवरून फोनमध्ये एक ॲप घेतलं आणि त्यात सगळी माहिती भरली. स्क्रीनवर 'एरर' आली, मग 'अपडेट चालू आहे' असं दिसत राहिलं. त्यानंतर खात्यातून चौसष्ट हजार गेले. त्यांची शेती आहे, रिटर्न कधी भरलेलंच नाही. ते कुणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. आता काय करायचं? (तासगाव)

या ताईंना मी त्याच दिवशी फोन करून कळवलं. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. असं झालं तर मासिकाला पत्र लिहू नका, आधी १९३० लावा.

१९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यांत फिरवले गेले त्या बँकांना कळतं आणि तिथे उरलेली रक्कम गोठवता येते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, भराभर पुढे ढकलतो. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. फोन लावताना जवळ हवं ते असं : खातं कुठल्या बँकेचं, किती रक्कम, कधी गेली आणि व्यवहाराचा क्रमांक. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तीच तक्रार लेखी पूर्ण करायची आणि पोचक्रमांक जपून ठेवायचा. गोठवलेले पैसे हातात पडायला पुढे वेळ लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

पण हे फोन सासऱ्यांच्या फोनवरून करायचे नाहीत. त्यांचा फोन आधी 'एरोप्लेन मोड'वर टाका, वायफाय बंद करा. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेनं 'ड्रिनिक' नावाच्या अशाच ॲपबद्दल इशारा दिला होता. ते तेव्हा २७ हून अधिक बँकांच्या ग्राहकांवर सोडलेलं होतं. आयकर विभागासारखं दिसणारं पान, तिथून एपीके फाईल (फोनमध्ये थेट ॲप बसवणारी), ती घेतली की एसएमएस, कॉल आणि संपर्कयादीची परवानगी, मग कार्डाच्या पिनपर्यंत सगळं विचारणारा फॉर्म. शेवटी 'ट्रान्सफर' दाबलं की एरर आणि खोटं अपडेट. तुम्ही जे वर्णन केलंय तेच. ते अपडेट चालू असतं तेवढ्या वेळात मागे चोराचं काम चालू असतं, आणि ओटीपीचे एसएमएस ॲपच वाचत असतं. त्यामुळे 'मी ओटीपी कुणालाही दिला नाही' असं सासरे म्हणत असतील तर ते खरं बोलतायत.

बँकेला लगेच लेखी कळवा, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, त्यांचा उल्लेख तक्रारीत करा. त्यानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. पण खोटी आशा लावणार नाही. माहिती तुम्हीच भरून दिलीत असं बँक म्हणेल, आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर बँकेला कळवण्याआधीचं नुकसान त्याच्याच अंगावर राहतं. कळवल्यानंतर मात्र एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ लिहिलेली पोच घ्या.

फोनमधले फोटो वगैरे दुसरीकडे काढून घ्या आणि मग तो फॅक्टरी रीसेट करा. त्याआधी मेसेजचे आणि ॲपचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, पोलिसांना लागतील.

रिटर्न न भरणाऱ्याला रिफंड कसा, असं आता सगळे त्यांना विचारत असतील. पण त्यांच्या बाजूनं बघा. बँकेत ठेव आहे, बँक टीडीएस कापते, कापलेले पैसे परत मिळतात असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. मग मेसेज आल्यावर तेच पैसे आले असं वाटणं हा मूर्खपणा नव्हे. द्राक्षाची बाग सांभाळणाऱ्या माणसाला एपीके म्हणजे काय हे कुणी समजावून सांगितलं होतं? घरातल्या तरुणांनी बोल लावणं थांबवा, निदान जेवायच्या वेळेला तरी. आणि एक काम करा. त्यांनी खरंच जास्तीचा टीडीएस दिलाय का ते माझ्याकडे किंवा जवळच्या करसल्लागाराकडे तपासून घ्या. रिटर्न भरून तो खराखुरा रिफंड मिळवता येईल.

प्रश्न : विभाग म्हणतो पासवर्ड, ओटीपी कुणाला देऊ नका. पण आमचे करसल्लागार दरवर्षी फोन करून ओटीपी मागतात आणि पासवर्डही त्यांच्याकडेच आहे. ते चालतं का? (कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून आमच्या धंद्यातले काही लोक माझ्यावर रागावतील, तरी उत्तर देते.

चालायला नको. चाललेलं आहे, सर्रास. आमच्याकडे बहुतेक ऑफिसांत एक वही असते, किंवा आता एक्सेलची फाईल, आणि तीत सगळ्या अशिलांचे पॅन आणि पासवर्ड. पासवर्डही सगळ्यांचे एकाच धाटणीचे, म्हणजे एकाचा कळला की बाकीचे ओळखता येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसातली मुलं दिवसभर फोन लावून 'काका, ओटीपी सांगा' एवढंच करत असतात. अशी वर्षानुवर्षं सवय लागलेल्या काकांना तिसऱ्याच कुणाचा 'मी इन्कम टॅक्समधून बोलतेय, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर ते का नाही सांगणार? चोरांना अर्धी मशागत आम्ही करून देतो आणि मग लोक भोळे आहेत म्हणून हळहळतो.

पोर्टलवर दुसरी वाट आहे. तुमचे सल्लागार नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थ असतील, तर त्यांना तुमचं खातं पासवर्डाशिवाय जोडता येतं. चार्टर्ड अकाउंटंटला ठरावीक कामासाठी 'माय सीए'मधून नेमता येतं. हे थोडं किचकट आहे, म्हणून सगळे टाळतात. ते जमत नसेल तर निदान एवढं करा : पासवर्ड स्वतःकडे ठेवा, ई-व्हेरिफिकेशन स्वतः करा किंवा सल्लागाराच्या समोर बसून करा. माझ्या ऑफिसात फोनवर ओटीपी मागायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे हंगामात दारात रांग लागते आणि लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

पोर्टलवर 'ई-फायलिंग व्हॉल्ट' नावाची सोयही आहे. ती चालू केली की नुसत्या पासवर्डानं कुणालाच आत शिरता येत नाही, आधारचा ओटीपी किंवा नेट बँकिंग लागतं. वहीतला पासवर्ड फुटला तरी मग फार बिघडत नाही. आणि प्रोफाईलमध्ये मोबाईल आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही आज बघून घ्या. कित्येकांच्या खात्यात तिथे सल्लागाराच्या ऑफिसचा नंबर असतो आणि खऱ्या नोटिसा तिकडेच जाऊन पडतात.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला 'आयआरएस'चा, म्हणजे तिथल्या कर खात्याचा, रिफंड मिळणार म्हणून मेसेज येतात. तिकडेही असं चालतं का? (सांगली)

चालतं, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचं नाव यापूर्वीच लागलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घालून सातशेहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं. तिथली मुलं-मुली रात्रभर अमेरिकेत फोन लावून, आम्ही आयआरएसचे अधिकारी, तुमचा कर थकलाय, भरा नाहीतर अटक, असं धमकावत होती. पैसे घ्यायची तऱ्हा अशी, की दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवा! चांगली शिकलेली, आपल्याच घरांतली पोरं होती ती.

मुलाला सांगा, आयआरएस पहिला संपर्क साधारणपणे टपालानं करते. वैयक्तिक किंवा बँकेची माहिती मागायला ती आपणहून ईमेल, मेसेज किंवा समाजमाध्यमांतून येत नाही, आणि गिफ्ट कार्डात कर घेत नाही. रिफंडची स्थिती आयआरएस डॉट जीओव्हीवर 'व्हेअर्स माय रिफंड'मध्ये बघता येते. कुणाची मुलं इंग्लंडात असतील तर तिथल्या एचएमआरसी या कर खात्याच्या नावानं आलेला खोटा एसएमएस ६०५९९ या क्रमांकावर पुढे पाठवायचा.

प्रश्न : मी फसलो नाही. पण ती खोटी वेबसाइट अजून चालू आहे. तक्रार कुठे करू? (विटा)

न फसलेल्यानं तक्रार केली तर पुढचे वाचतात, म्हणून तुमचं पत्र वाचून बरं वाटलं.

ईमेल आला असेल तर तो वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर पाठवा आणि प्रत इन्सिडंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इनला. मजकुराची नुसती नक्कल पाठवू नका. ईमेल कुठून निघाला हे त्याच्या न दिसणाऱ्या शीर्षकात, म्हणजे हेडरमध्ये असतं, ते सकट जायला हवं. जीमेलवर असाल तर 'शो ओरिजिनल'मध्ये ते सापडतं. एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा फोन असेल तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' नावाची सोय आहे, तिथे नंबर आणि स्क्रीनशॉट द्या. पैसे गेलेले असतील तर मात्र चक्षु नाही, १९३०.

पोर्टलच्या वापराबद्दल काही विचारायचं असेल तर मदतकेंद्राचा नंबर १८०० १०३ ००२५ हा आहे. तो कागदावर लिहून ठेवा. गुगलवर 'इन्कम टॅक्स कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरांवर फोन लावू नका, त्यातले काही त्याच वेबसाइटवाल्यांचे असतात.